कुठल्या देशात कितव्या वर्षी

आमच्या हेडमास्तरांपुढे कुणी मूल आणलं, की ते त्याचं नाव विचारत नसत, वय विचारत. मूल कडेवर असलं तर आईकडे बघून म्हणत, "कितवं?" म्हणजे कितवं वर्ष चालू आहे. बायकांना वाटे, कितवं मूल असं विचारतायत. त्या लाजून सांगत, "चौथं." मग मास्तर त्या रांगत्या पोराकडे इतक्या काळजीनं बघत, की बाईलाही वाटावं, आपल्या पोराला काहीतरी झालंय. चौथ्या वर्षी मूल एवढं बारीक कसं, हा प्रश्न त्यांना दिवसभर पुरे.

सावद्यापासून बैलगाडीनं थोडं आत आमचं गाव. लोकल बोर्डाची शाळा गावाच्या टोकाला, आणि तिच्या तिन्ही बाजूंना केळीची शेतं. मास्तर इथले नव्हेत. ते धुळ्याच्या पलीकडचे, साक्रीकडचे. आमच्याशी बोलताना पुस्तकातलं मराठी बोलत. पण घाबरले की त्यांच्या तोंडून अहिराणी निघे. आणि ते फार वेळा घाबरत. शाळेमागच्या विहिरीला ते भीत, म्हणून तिच्याभोवती त्यांनी बाभळीच्या फांद्या रचल्या होत्या. कुत्र्यांना भीत. केळीच्या बागांना तर फारच, कारण आत गेलेलं पोर दोन पावलांवरही दिसत नाही. मधली सुट्टी संपली की सगळी मुलं मोजत आणि एखादं कमी भरलं की दारात येऊन हिरव्या भिंतीकडे बघत उभे राहत. ते पोर बहुतेक वेळा त्यांच्याच मागे उभं असे.

पण त्यांची खरी भीती वेगळी होती. मुलाचं वय हातातून निघून जातं, असं ते म्हणत. रोज थोडं थोडं जातं आणि कुणाचं लक्ष नसतं.

शाळेत जगाचा एक मोठा नकाशा होता, कापडावर चिकटवलेला. मास्तरांनी प्रत्येक देशावर शिसपेन्सिलीनं दोन आकडे लिहिले होते. पहिला, मूल शाळेत कधी जातं. दुसरा, कधी बाहेर पडतं. इंग्लंड पाच आणि चौदा. जर्मनी सहा आणि चौदा. जपान सहा आणि बारा. डेन्मार्क सात आणि चौदा. आम्ही भूगोल शिकलो तो असा. देशाची राजधानी कुठली, तिथं काय पिकतं, हे आम्हांला कधी धड आलं नाही. पण फ्रान्सचं मूल कधी सुटतं ते गावातलं शेंबडं पोरही सांगे. आपल्या देशावर मास्तरांनी काही लिहिलं नव्हतं. फक्त पश्चिमेच्या कडेला, बडोद्यापाशी, बारीक सात लिहिला होता. बडोद्यात सातव्या वर्षी शाळेत घालावंच लागतं आणि मूल घरी ठेवलं तर बापाला दंड होतो, असं ते सांगत. ते सांगताना त्यांचा चेहरा असा होई, की जणू तो दंड त्यांनाच होणार आहे.

हे आकडे ते जळगावच्या वाचनालयातून आणत. सुट्टीत जायचे आणि जुनी मासिकं, वर्तमानपत्रं चाळत बसायचे. एकदा तिथून परतले ते गुळाचा खडा घेऊनच. वर्गात प्रत्येकाला कणभर गूळ दिला आणि सांगितलं, की फ्रान्सनं तेराचे चौदा केले. आम्ही गूळ चाटत बसलो. थोड्या वेळानं बघतो तर मास्तर खुर्चीवर डोकं धरून बसलेले. त्यांची मुलगी कुसुम माझ्याच बस्करावर बसायची. तिनं विचारलं, आबा, काय झालं? तर म्हणाले, ज्या मुलांना मागच्याच महिन्यात तेरा पुरी झाली आणि शाळेतून सुटली, त्यांचं काय? त्यांना परत बोलावलं असेल का? त्या फ्रान्सच्या पोरांच्या काळजीनं मास्तर पुढे बरेच दिवस उदास होते.

मूल शाळेत आलं नाही की ते आणायला जात. शेतात, मोटेवर, खळ्यावर, कुठंही. छत्री उघडी धरून, कुत्री चुकवत जायचे आणि मोट हाकणाऱ्या बापाला जर्मनी सांगायचे. एका शेतकऱ्यानं त्यांना शांतपणे विचारलं होतं, "जर्मनीत केयी व्हते का, मास्तर?" मास्तर परत आले. पुढच्या खेपेला जळगावला जाऊन त्यांनी ते पुस्तकात बघितलं आणि मुद्दाम त्या शेतात जाऊन सांगितलं, की जर्मनीत केळी होत नाहीत, थंडी फार. शेतकरी म्हणाला, मग पोरं शाळेतच बसणार ना, दुसरं काय करतील. आणि हसून त्यानं पोरगं पाठवलं. पुढे केळी कापणीला आली तेव्हा पुन्हा काढून नेलं.

हे वेड कुठून आलं, ते त्यांनी एकदाच सांगितलं. ते स्वतः दहाव्या वर्षी शाळेत बसले. तोवर म्हशी वळत होते. पहिलीच्या वर्गात त्यांचे गुडघे बाकीच्या पोरांच्या डोक्यांशी लागत आणि पोरं त्यांना रेडा म्हणत. पुढे सगळं झालं, सातवीची फायनल झाली, ट्रेनिंग झालं. पण आपण कायम उशिरा आलोय असं त्यांना वाटत राहिलं. गाडी संध्याकाळची असली तरी हा माणूस दुपारीच स्टेशनवर जाऊन बसे.

एकदा दिपोटीसाहेब शाळा तपासायला आले. नकाशा बघून त्यांनी विचारलं, सरकारी सामानावर हे काय लिहिलंय? मास्तर रबर घेऊन स्टुलावर चढले आणि साहेबांसमोर एकेक देश पुसायला लागले. स्टूल हलत होतं. साहेब पुरे म्हणाले तरी ते पुसतच राहिले, जपानपर्यंत. हे मी सांगतेय ते एवढ्यासाठी, की पुढे जे झालं ते याच माणसानं केलं, यावर गावाचा विश्वास बसला नाही. माझाही पुष्कळ दिवस बसला नव्हता.

मी तेव्हा पाचवीत होते, वय बारा. वर्गात मुली दोनच, कुसुम आणि मी. चौथी झाली तेव्हाच मला काढायचं घरी बोलणं झालं होतं. पण कुसुम एकटी पडेल म्हणून मास्तरांनी गळ घातली आणि नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एक वर्ष दिलं. नाना गावात मानाचे. शाळा कमिटीवर होते. वाईट माणूस नव्हे. पण माझ्या मागे दोन बहिणी होत्या आणि त्यांच्या डोक्यात सतत हेच घोळत असे, की एकीचं अडलं तर तिघींचं अडेल.

मामानं भुसावळचं स्थळ आणलं. मुलगा रेल्वेत लागलेला, वडीलही रेल्वेत, राहायला रेल्वेचं घर. असं स्थळ आमच्या गावात कुणाला आलं नव्हतं. एकच अडचण होती. मुलीचं वय चौदा पाहिजे असा सरकारचा कायदा झाला होता. गावाकडे त्या कायद्याला कुणी फारसं मोजत नसे. पण भुसावळचे पाहुणे नोकरीला जपणारे, उद्या कुणी अर्ज केला तर काय, म्हणून त्यांनी शाळेचा दाखला मागितला. मामानं त्यांना सांगून टाकलं होतं, चौदा पूर्ण आहेत.

मी स्वयंपाकघरात भाकरी थापायला शिकत होते आणि बाहेर हे बोलणं चाललं होतं. आईनं माझ्याकडे बघितलं नाही. मला लग्नाचं फारसं कळत नव्हतं. शाळेच्या वाटेवरून जाताना मात्र वाटे, ही वाट आता थोडेच दिवस.

नाना आणि मामा शाळेत आले तेव्हा आम्ही शुद्धलेखन लिहीत होतो. मास्तरांनी उठून त्यांना खुर्च्या दिल्या. नानांनी सरळ सांगितलं, पोरीच्या वयाचा दाखला पाहिजे, चौदा लिहा. मास्तर म्हणाले, तिचं वय बारा आहे. मामा म्हणाला, दोन वर्षांनी काय होतं, पोरगी अंगानं थोराड आहे. मास्तरांनी मग बोलायला सुरुवात केली. इंग्लंड, जर्मनी, डेन्मार्क. भरभर बोलत होते, एका देशातून दुसऱ्या देशात, जणू थांबले तर कुणी पकडेल. नानांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, आणि आपल्या देशात?

मास्तर नकाशाकडे बघत राहिले. वर्गात कुणाचा बोरू वाजत नव्हता. मला वाटलं, आता लिहून देतील. कुसुमनं बस्करावर माझा हात धरला होता, तिलाही तेच वाटत होतं.

"मनाघाई नई व्हवाव," मास्तर म्हणाले. माझ्याच्यानं होणार नाही, असं.

मामा उठला. म्हणाला, दाखला काय, कुठूनही मिळतो, पलीकडच्या गावच्या मास्तराला दोन घड केळी दिली की झालं. नानांनी त्याला दटावलं. पण जाताना त्यांनी मास्तरांकडे वळून बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेला कुलूप होतं. मास्तर रजा घेत नसत, म्हणून गाव चकित झाला. ते भुसावळला गेले होते. ज्या माणसाला इंजिनाच्या शिटीनं घाम फुटतो, तो सावद्याला जाऊन गाडीत बसला आणि जंक्शनवर उतरून, विचारत विचारत रेल्वेच्या वसाहतीत त्या पाहुण्यांच्या दारात उभा राहिला. तिथं काय बोलले ते पुढे पाहुण्यांकडूनच कळलं. पाणीसुद्धा न पिता म्हणाले, मुलगी बारा वर्षांची आहे, हुशार आहे, फायनलपर्यंत थांबलात तर तुमच्या घरात शिकलेली सून येईल. ते लोक सज्जन होते. त्यांनी जेवायला घातलं. नवऱ्या मुलाच्या वडिलांनी विचारलं म्हणे, आमच्या गोऱ्या साहेबाच्या मुली कितव्या वर्षापर्यंत शिकतात? तर मास्तरांनी जेवण संपेपर्यंत सगळे देश सांगितले. पण पाहुणे थांबायला तयार झाले नाहीत. नोकरीची भीती त्यांनाही होती, आणि चौदा म्हणून फसवलं याचा राग होता. त्यांनी निरोप पाठवला, की स्थळ मोडलं. त्याच उन्हाळ्यात त्यांच्याकडे रावेरची मुलगी गेली.

नानांना मी त्या आधी किंवा नंतर इतकं रागावलेलं पाहिलं नाही. गावात बोभाटा झाला होता. वय लपवून मुलगी देत होते, असं लोक बोलायला लागले. नाना धोतर बदलून जळगावला गेले आणि बोर्डात ओळखीच्या माणसाशी बोलून आले. आईनं विचारलं, काय केलं? ते म्हणाले, बघ तू.

राग उतरायला महिना लागला. मास्तरांच्या बदलीचा हुकूम त्यानंतर आला. दूरच्या डोंगरात, भिल्लांच्या वस्तीजवळचं गाव. शाळा चौथीपर्यंत. नाना पुन्हा जळगावला गेले. पण आता कुणी ऐकून घेईना. एकदा तुम्हीच सांगितलं, आता तुम्हीच नको म्हणता, असं ऐकून परत आले.

चौथीपर्यंत शाळा, म्हणजे कुसुमची शाळा संपली. हे आम्हां दोघींना आधी कळलं. मास्तरांना कळलं होतं की नाही, कोण जाणे. ते नुसते सामान बांधत आणि सोडत होते. गाठोडं बांधायचे, काहीतरी राहिलं म्हणून परत उघडायचे. मास्तरीणबाई ओट्यावर बसून त्यांच्याकडे बघत असत.

नाना त्यांच्या घरी गेले तेव्हा मी बरोबर होते. नाना दारातच उभे राहिले. आत बोलवायचं मास्तरांना सुचलं नाही.

"पोरीले आमच्याकडे राहू द्या," नाना म्हणाले. "माह्या पोरीसंगं शिकीन. फायनल व्हईस्तोवर दोघींले काढनार नही. हा माहा शब्द."

मास्तर गाठोड्यावर बसले. मग त्यांनी कुसुमकडे बघितलं आणि हो म्हणाले. मास्तरीणबाईंनी डोळे पुसले. पण त्याही हो म्हणाल्या. कुसुम आणि मी त्या दुपारी पाटाच्या काठानं हातात हात घालून इतक्या लांब गेलो, की मास्तर आम्हांला शोधत आले.

सकाळी गाडी जुंपली. मास्तर आणि मास्तरीणबाई बसले. कुसुम आमच्या ओट्यावर माझ्या शेजारी, तिची पेटी आमच्या ओसरीत ठेवलेली. गाडी चालू लागली, देवळापर्यंत गेली, वळणावर थांबली. मास्तर खाली उतरले आणि चालत परत येऊ लागले. छत्री गाडीतच राहिली होती आणि वाटेत कुत्री होती. पण ते वेगानं चालत आले. ओट्याखाली उभे राहून त्यांनी कुसुमचा हात धरला.

"ती मला दिसायला पाहिजे," ते नानांना म्हणाले. "इथं विहीर आहे. बागा आहेत. ती मला दिसली नाही तर मी काय करू?"

नाना काहीतरी बोलतील म्हणून कुसुम त्यांच्याकडे बघत होती. मीही बघत होते. गड्याला हाक मारून त्यांनी पेटी गाडीत ठेवायला सांगितली.

नानांनी दिलेला शब्द माझ्यापुरता पाळला. मी फायनल झाले, पुण्याला ट्रेनिंगला गेले, मास्तरीण झाले. लग्न नंतर झालं, ते एका शिक्षकाशी. आम्हां दोघांची नेमणूक धुळ्याला झाली तेव्हा सत्तेचाळीस साल उजाडलं होतं. इंग्रज जाणार असं रोज वर्तमानपत्रात येत होतं आणि जो तो पुढं काय होणार याचीच चर्चा करत होता.

बाजारात मेथी घेताना एका बाईनं माझं माहेरचं नाव घेऊन हाक मारली. कुसुम होती. पंधराव्या वर्षी तिचं लग्न झालं होतं, नवरा धुळ्याच्या गिरणीत. मास्तरीणबाई डोंगरातल्या तापानं गेल्या आणि मास्तर पेन्शन घेऊन तिच्याकडेच राहत होते. ती मला घरी घेऊन गेली.

मास्तर फार वाळले होते. मला ओळखलं, पण माझं कसं चाललंय हे विचारायच्या आधी सांगितलं, की इंग्लंडनं आता पंधरा केले, एवढी लढाई होऊनसुद्धा केले. आणि आता आपलं सरकार येणार, ते काय करेल? घाईत चुकीचा आकडा धरला तर? त्यांनी दिल्लीला लिहावं का, असंही विचारलं. त्यांच्या मांडीवर कुसुमची मुलगी बसली होती, विमल. सहा पूर्ण होऊन सातवं लागलेलं. मी सहज म्हटलं, शाळा उघडतेय, माझ्याच शाळेत घाला हिला.

मास्तरांनी तिला जवळ ओढलं. रस्त्यावर टांगे फार आहेत म्हणाले. पोर नाजूक आहे. घाई कशाला, डेन्मार्कमध्ये सात पुरी झाल्यावरच घालतात, आणि तिथली माणसं काही अडाणी नाहीत.

कुसुम चूल फुंकत होती. मागच्या वर्षीही ते असंच म्हणाले होते, असं ती मला म्हणाली. तेव्हा दुसरा देश होता. मग ती हात पुसत बाहेर आली. आवाज चढवला नाही.

"आबा, डेन्मार्क राहू द्या," ती म्हणाली. "आपन धुयामा ऱ्हातस. पोर सोमवारपासून शाळेत जाई."

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्या बाजूनं काही बोलले नाही. थोड्या वेळानं त्यांनी विमलला मांडीवरून खाली उतरवलं.

सोमवारी तिघंही आली. कुसुमनं विमलचा हात धरला होता आणि मास्तर दोन पावलं मागं. पोर मुळीच रडलं नाही. पहिलीच्या बाईंचा पदर धरून आत गेलं. मास्तर रस्त्यापलीकडे एका शिंप्याच्या दुकानापाशी जाऊन उभे राहिले. मी माझ्या वर्गावर गेले. सहावीला शिकवत होते. फळ्यावर दशांश अपूर्णांकाचं गणित मांडलं आणि मुलींकडे वळले, तर खिडकीत कुसुम.

घरी जाता जाता थांबली असावी. गज धरून फळ्याकडे बघत होती. मी गणित सोडवत गेले तसे तिचे ओठ हलत होते. एका पायरीवर मुली अडल्या, तीही तिथंच अडली. कपाळाला आठी घालून उभी राहिली.

मास्तर रस्ता ओलांडून तिला घरी न्यायला आले. तिच्या पाठीमागे उभे राहिले आणि तिला हाक मारायला त्यांनी तोंड उघडलं. मग तेही फळ्याकडे बघायला लागले आणि फळ्याकडून तिच्या तोंडाकडे. मला ते दोघंही दिसत होते. हाक त्यांनी मारलीच नाही. हळू आवाजात म्हणाले, "मी घर जास. तू ये सावकाश." आणि टांगे चुकवत, भिंतीच्या कडेकडेनं, एकटेच निघून गेले.

मी कुसुमला खुणेनं आत बोलावलं. तिनं नको म्हणून मान हलवली. शाळा सुटेपर्यंत ती तिथंच, खिडकीशी उभी होती.